काळी मृदा

दख्खनच्या पठारावर मुख्यत्वे बेसाल्ट खडकाच्या वातावरणक्रियेने तयार झालेली, चिकण मातीचे प्रमाण अधिक असलेली व ओलाव्यानुसार फुगणारी आणि आकुंचन पावणारी काळसर मृदा. हिला ‘रेगूर’ किंवा ‘कापसाची काळी जमीन’ असेही म्हणतात. महाराष्ट्राचा बराच मोठा भाग, माळवा, गुजरात, उत्तर कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेश यांच्या काही भागांत ती आढळते. या प्रदेशातील कोरडवाहू शेतीचे व पर्यायाने तेथील अन्नसुरक्षेचे स्थैर्य हिच्या स्वास्थ्यावर अवलंबून असते. मृदास्वास्थ्य म्हणजे केवळ पोषकद्रव्यांची विपुलता नव्हे. पाणी मुरविणे व साठविणे, मुळांना हवा व वाव देणे आणि सूक्ष्मजीवांचे कार्य चालू ठेवणे ही मृदेची क्षमता टिकून राहणे होय.

निर्मिती व गुणधर्म : सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या बेसाल्टची झीज होऊन ही मृदा तयार झाली. तिचा थर एक सेंमी.ने वाढण्यास शेकडो वर्षे लागतात. भारी काळ्या मृदेत चिकण मातीचे प्रमाण सर्वसाधारणपणे ४० ते ६० टक्के असून तीत माँटमोरिलोनाइट गटातील खनिजे प्रमुख असतात. उन्हाळ्यात जमिनीला खोल भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत पडते व पावसानंतर जमीन फुगून मातीची उलथापालथ होते. काळ्या रंगावरून ही मृदा जैव पदार्थांनी समृद्ध असावी, असा समज होतो. तो बरोबर नाही. तिच्यातील सेंद्रिय कर्बाचे प्रमाण अनेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. कॅल्शियम व मॅग्नेशियम विपुल असली, तरी नायट्रोजन, उपलब्ध फॉस्फरस व जस्त यांची उणीव आढळते.

जलसंचय व रब्बी पीक : सुमारे एक मी. खोलीच्या भारी मृदेत पिकाला उपयोगी पडेल असे १५० ते २०० मिमी. पाणी साठू शकते. सोलापूर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), बीड इ. जिल्ह्यांतील अवर्षणप्रवण पट्ट्यात रब्बी ज्वारी मुख्यत्वे या साठ्यावर वाढते. पेरणीनंतर पाऊस झाला नाही, तरी मुळे खालच्या ओलीचा शोध घेतात. मोहोळ येथे निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण याच परिस्थितीत टिकून राहिला. म्हणून येथे जमिनीची खोली हेच धान्याचे कोठार होय. थर निम्म्यावर आला, तर साठाही जवळजवळ निम्मा होतो आणि ही तूट कोणतेही खत भरून काढू शकत नाही.

ऱ्हासाची कारणे : (१) धूप : भारी जमिनी रब्बीसाठी पावसाळ्यात उघड्या ठेवण्याची जुनी प्रथा आहे. भेगा बुजल्यावर या मृदेत पाणी फार सावकाश मुरते. त्यामुळे जोरदार सरींचे पाणी वरचा कसदार थर घेऊन वाहून जाते. (२) कर्बाची हानी : ज्वारीचा कडबा जनावरांना जातो व शेणाच्या गोवऱ्या जाळल्या जातात. शेतातून गेलेला कर्ब शेतात परत येत नाही आणि मातीची कणरचना दुबळी होते. (३) अयोग्य मशागत : ओल योग्य असण्याचा, म्हणजे वापशाचा, काळ या जमिनीत थोडा असतो. वापसा नसताना अवजड अवजारे चालविल्यास ढेकळे निघतात व खाली कठीण थर तयार होतो. (४) अतिसिंचन : निचरा नसताना कालव्याचे पाणी भरपूर दिल्यास भूजलपातळी वर येऊन क्षार पृष्ठभागी साचतात. नीरा कालव्यांच्या क्षेत्रात व पुढे सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील ऊसक्षेत्रात अशा रीतीने उत्तम जमिनी पाणथळ, खारवट वा चोपण झाल्या आहेत. अवर्षण व अतिजल या दोन्ही टोकांनी एकाच मृदेची हानी होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

संवर्धन : कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी १९३३ मध्ये सोलापूर व विजापूर येथे केंद्रे सुरू झाली. मुंबई राज्यात १९४२ च्या जमीन सुधारणा योजना अधिनियमान्वये बांधबंदिस्तीला चालना मिळाली. हलक्या व मध्यम जमिनींत समतल बांध उपयुक्त ठरले. भारी जमिनींत मात्र बांधापाशी पाणी तुंबून पिके कुजतात व बांध फुटतात, असा अनुभव आला. त्यामुळे तेथे जादा पाणी हळूहळू बाहेर नेणारे उताराचे बांध व रुंद वरंबा-सरी पद्धती अधिक योग्य मानतात. तेलंगणातील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत १९७६ पासून काळ्या मृदेवर दीर्घकालीन प्रयोग चालविण्यात आला. त्यात पावसाळी पडीक ठेवून रब्बीत एकच पीक घेण्याच्या पारंपरिक पद्धतीत दर हेक्टरी सरासरी सुमारे १ टन धान्य मिळाले. वरंबा-सरी, पावसाळ्यातील पीक, कडधान्यांची जोड व समतोल खते यांमुळे ते सुमारे ५ टनांपर्यंत गेले. मृदेची वार्षिक हानी हेक्टरी सुमारे साडेसहा टनांवरून दीड टनाच्या आसपास आली. शेणखत, ताग-धैंचाची हिरवळीची खते, पिकांचे अवशेष जमिनीत गाडणे व चोपण जमिनींत जिप्सम आणि भूमिगत निचरा हे इतर उपाय होत.

भारत सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा रासायनिक घटकांची नोंद असते. ती खतांची मात्रा ठरविण्यास उपयुक्त आहे; परंतु थराची खोली, कणरचना, निचरा व सूक्ष्मजीवांचे कार्य त्या नोंदीत येत नाही. काळ्या मृदेची परीक्षा या गोष्टींनीच करावी लागते. उणे झालेले पोषकद्रव्य एका हंगामात पुरविता येते. वाहून गेलेला थर परत मिळण्यास शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्याही अपुऱ्या पडतात.