शिक्षकांनीही एकत्र बसून शिकावे

नवी अध्यापन पद्धत आली की आम्हा शिक्षकांचा पहिला उद्गार ठरलेला असतो, "आणखी एक आले!" चार दिवस प्रशिक्षण, हजेरीपटावर सही आणि परत आपापल्या वर्गात एकटे. काही दिवसांनी ती पद्धत कपाटात जाते.

कर्नाटकातच १९९५ साली याहून वेगळे घडले. म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्याचे काही सरकारी शिक्षक आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळा पाहायला गेले. तेथे एकाच खोलीत निरनिराळ्या इयत्तांची मुले कार्डांच्या आधारे, आपापल्या गतीने शिकत होती. परतल्यावर या शिक्षकांनी ती कार्डे जशीच्या तशी उचलली नाहीत. एकत्र बसून स्वतः नवी केली, वर्गात वापरली, अडले तेथे बदलली. युनिसेफच्या साहाय्याने त्यातून 'नली-कली' उभी राहिली व पुढे राज्यभर पोहोचली. मात्र कार्डे छापून पाठवता येतात, ती करताना झालेली चर्चा पाठवता येत नाही.

मराठी शाळांना तर ही चर्चा टाळताच येत नाही. कन्नडमध्ये 'र ग स द अ' असा क्रम सोयीचा, कारण त्या लिपीत या अक्षरांची वळणे जवळची आहेत. देवनागरीत 'र' आणि 'द' यांचे वळण निराळे. आपल्याकडे उभ्या रेघेची 'ग म भ न' ही जुनी वाटच सोपी. हे ठरवायला मराठी शिक्षकांनीच एकत्र बसायला हवे.

आम्ही शेजारच्या तीन गावांतील शिक्षक महिन्यातून एका शनिवारी जमतो. एकाने पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी मागे बसून मुलांकडे पाहायचे, शिक्षकाकडे नव्हे. आमच्याच पाठानंतर एका तरुण बाईंनी सांगितले, "गुरुजी, खिडकीजवळच्या तिघांनी तासभर तोंड उघडले नाही." तीस वर्षांच्या नोकरीनंतर हे ऐकणे जड गेले. पण ते खरे होते. पुढच्या महिन्यात त्या तिघांना वेगवेगळ्या गटांत बसवले. त्यातील एक मुलगी आता इतरांना वाचून दाखवते.

आपल्या शाळांचा पट घटतो आहे. अशा वेळी एक मूल गप्प राहणे म्हणजे उद्या एक नाव कमी होणे. इमारत, अनुदान, शिक्षकभरती यांसाठी मागणी करीत राहूच. पण शेजारच्या शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसायला कोणाची मंजुरी लागते?