विमानातून माणूस शोधताना

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईसमोरून गेलं. त्या वादळात बॉम्बे हाय तेलक्षेत्रातला ‘पी-३०५’ हा बार्ज नांगर तुटून भरकटला आणि संध्याकाळी बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, त्यांतली १८६ वाचली. नौदल आणि तटरक्षक दलाचा शोध नंतर कित्येक दिवस चालला. काही मृतदेह रायगडच्या किनाऱ्याला लागले, काही पार गुजरातेत वलसाडकडे.

समुद्र माणसाला एका जागी ठेवत नाही, म्हणून शोधाची सुरुवात नकाशावर होते. शेवटचं ठाऊक असलेलं ठिकाण घेऊन त्यात प्रवाह आणि वारा धरायचा, आणि माणूस आता कुठे असेल तो बिंदू काढायचा. तराफ्याला वारा ढकलतो. लाइफ जॅकेटमधला माणूस मुख्यतः पाण्याबरोबर वाहतो. एकाच अपघातातून निघालेल्या दोघांचे बिंदू तासागणिक लांब जातात.

बिंदू पक्का असेल आणि वेळ थोडा गेला असेल, तर विमान किंवा हेलिकॉप्टर त्या बिंदूवर धुराची खूण टाकतं आणि तिच्यावरून पुन्हा पुन्हा आरपार जातं. दर वळण उजवीकडे १२० अंशांचं, त्यामुळे खुणेभोवती तीन समभुज त्रिकोण उमटतात. ती खूणही पाण्याबरोबर वाहते, आणि हाच या पद्धतीचा मोठा गुण आहे. बिंदू थोडा शंकास्पद असेल तर वाढता चौकोन: पहिल्या दोन बाजू एक-एक माप, पुढच्या दोन दुप्पट, मग तिप्पट. काहीच नक्की नसेल तर शेत नांगरावं तशा लांब समांतर रेघा. डोंगरात मात्र शिखरापासून सुरुवात करून, उतार धरून टप्प्याटप्प्यानं खाली यायचं.

दोन रेघांमध्ये अंतर किती ठेवायचं, हा खरा कळीचा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या हुडकण्यासाठी अमेरिकन नौदलाच्या गणितज्ञांनी त्यावर काम केलं. बर्नार्ड कूपमन यांचा अहवाल १९४६चा. प्रत्येक वस्तूला तिची अशी ‘दिसण्याची रुंदी’ असते, म्हणजे विमानाखालच्या जेवढ्या रुंद पट्ट्यात ती सापडेल असं गणितात धरतात ती. पाचशे फुटांवरून, चांगल्या उजेडात, चार माणसांच्या तराफ्यासाठी ती सागरी मैलाहून जास्त भरते. पाण्यात एकट्या माणसाचं फक्त डोकं वर असतं. त्याच्यासाठी ती जेमतेम दोनशे मीटर. रेघांमधलं अंतर या रुंदीइतकं ठेवून शिस्तीत उडालं, तर शोधक्षेत्रात असलेली वस्तू सापडण्याची शक्यता सुमारे ७८ टक्के. तितकंच अंतर त्याच क्षेत्रात वाटेल तसं भटकत कापलं तर ६३. मधल्या पंधरा टक्क्यांत कुणाचा तरी जीव असतो, म्हणून आखलेली रेघ मोडायची नाही, हा आग्रह मला पूर्ण पटतो.

रेघ कितीही सरळ असो, शेवटी पाहतो तो डोळाच. स्पष्ट दिसतं ते नजरेच्या अगदी मधल्या दोनेक अंशांत. निरभ्र, रिकाम्या पाण्याकडे बघत राहिलं की डोळा आपसूक जवळच्या अंतरावर स्थिरावतो. माणूस बाहेर बघतो आणि त्याला काहीच दिसत नाही. म्हणून निरीक्षकांना ठरावीक क्रमानं, थांबत-थांबत नजर फिरवायला शिकवतात आणि ठरावीक वेळानं जागा बदलतात. लाटांचा पांढरा फेस आणि पाण्यावरची उन्हाची तिरीप तरीही बरंच काही गिळतात. अमेरिकन तटरक्षक दलानं यावर कबुतरंही आजमावली होती. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली तीन कबुतरं बसवायची, नारिंगी रंग दिसला की त्यांनी कळ टोचायची. चाचण्यांत पहिल्याच फेरीत त्यांनी ९० टक्के वेळा लक्ष्य टिपलं. माणसांनी ३८ टक्के. १९८३च्या सुमारास प्रयोग बंद झाला.

पहिल्या फेरीत काही दिसलं नाही म्हणजे तिथे कुणी नाही, असं गणित म्हणत नाही. तेच क्षेत्र तितक्याच काळजीनं दुसऱ्यांदा पाहिलं की ७८चे ९५ टक्के होतात. शोध थांबवण्याचा निर्णय घेताना अशा आकड्यांचा आधार लागतो, आणि घरच्यांना उत्तर देतानाही.

पाण्यातल्या माणसाच्याही हातात काही असतं. बोट उलटली तरी तरंगत असेल तोवर तिला धरून राहावं; पोहत निघालेल्याचं नुसतं डोकं उरतं. अनेक जण असतील तर एकमेकांना धरून राहावं. आरसा असेल तर त्याची तिरीप विमानाच्या दिशेनं टाकावी. आणि बंदरात निघताना कुठे जातोय, कधी परतणार, हे कुणाला तरी सांगावं. बोट वेळेत परतली नाही तर त्यानं तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लगेच फिरवावा, कारण उशिराच्या प्रत्येक तासागणिक शोधायचं पाणी वाढत जातं.