नाव ‘मेन’, काम पूर्वपरीक्षेचे!

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि त्याच आठवड्यात घरात एक नवा शब्द मुक्कामाला येतो- ‘जेईई’. पुढची दोन वर्षे घरातील सणवार, लग्नकार्ये, अगदी टीव्हीचा आवाजही या शब्दाच्या तंत्राने चालतो. मात्र ज्या परीक्षेसाठी हा सारा खटाटोप चालतो, ती नेमके काय तपासते, हे अनेक पालकांना शेवटपर्यंत नीटसे ठाऊक नसते. त्यातून तयारीची दिशा चुकते आणि त्याची किंमत सतरा वर्षांच्या मुलाला मोजावी लागते.

गोंधळाची सुरुवात नावापासूनच होते. २००० ते २००५ या काळात आयआयटीची प्रवेश परीक्षा दोन टप्प्यांत होत असे. चाळणी लावणारा पहिला टप्पा ‘स्क्रीनिंग’ आणि निर्णायक दुसरा टप्पा ‘मेन’. २००६ पासून एकच परीक्षा सुरू झाली. २०१३ मध्ये दोन टप्पे परत आले. पण या वेळी ‘मेन’ हे नाव पहिल्या टप्प्याच्या वाट्याला आले, तर दुसरा टप्पा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ झाला. त्यामुळे आयआयटीचे स्वप्न पाहणाऱ्यांसाठी जेईई मेन ही पूर्वपरीक्षाच आहे. तिच्यातून सुमारे अडीच लाख विद्यार्थीच अ‍ॅडव्हान्स्डला बसण्यास पात्र ठरतात. नागपूरच्या ‘व्हीएनआयटी’सारख्या संस्थांसाठी मात्र मेनमधील क्रमांकच प्रवेश ठरवतो. आपल्या मुलासाठी ही परीक्षा पायरी आहे की अखेरचे दार, हे आधी ठरवायला हवे.

आधी स्वरूप समजून घ्या

२०२५ पासूनच्या स्वरूपानुसार भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या विषयांचे प्रत्येकी २५ असे ७५ प्रश्न तीन तासांत सोडवायचे असतात. प्रत्येक विषयात २० प्रश्न बहुपर्यायी, तर पाच प्रश्नांचे उत्तर संख्येत द्यायचे असते. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. एकूण गुण ३००. हिशेब केला तर एका प्रश्नाच्या वाट्याला दोन मिनिटे २४ सेकंद येतात. परीक्षा संगणकावर होते आणि गणकयंत्र वापरता येत नाही. म्हणूनच आकडेमोड हाताने करण्याचा सराव अकरावीपासूनच हवा.

२०२१ पासून ही प्रश्नपत्रिका मराठीसह १३ भाषांत उपलब्ध आहे. मराठीचा पर्याय अर्ज भरतानाच निवडावा लागतो. भाषांतराबाबत शंका निर्माण झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जातो. तेव्हा मराठीतून परीक्षा देणाऱ्यांनीही इंग्रजी संज्ञांची ओळख ठेवणे हिताचे.

टक्के नव्हे, पर्सेंटाइल!

‘नव्वद मिळाले’ म्हणून आनंदणारे आणि नंतर प्रवेश फेरीत हिरमुसणारे पालक दर वर्षी दिसतात. येथे जाहीर होतात ते टक्के नसून पर्सेंटाइल. परीक्षा अनेक दिवस, अनेक पाळ्यांत होते. प्रत्येक पाळीची प्रश्नपत्रिका वेगळी असते. त्यामुळे कच्च्या गुणांऐवजी त्या पाळीत किती विद्यार्थी आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणारे आहेत, हे पाहिले जाते. बारा लाख परीक्षार्थी धरले तर ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्याही पुढे सुमारे बारा हजार जण असतात, तर ९० पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे सुमारे एक लाख वीस हजार. सर्व प्रश्न सोडवणे हे येथे ध्येय नाही. जे येते त्यातले काही चुकू न देणे, हे खरे ध्येय आहे.

अंदाजाचे गणित

‘चुकीला एकच गुण जातो’ हा समजही तपासून घ्यावा. जे येत होते ते घाईत चुकले, तर चार गुण हातचे जातात आणि एक वजा होतो. म्हणजे फरक पाच गुणांचा. बहुपर्यायी प्रश्नात दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर उरलेल्यांतून निवड करणे सरासरीने फायद्याचे ठरते. संख्यात्मक प्रश्नात मात्र पर्यायच नसल्याने अंदाज म्हणजे बहुधा एका गुणाचे दान!

यासाठी सराव परीक्षांची संख्या वाढवण्यापेक्षा प्रत्येक सराव परीक्षेनंतरचे दोन तास महत्त्वाचे. चुकलेला प्रश्न संकल्पना न समजल्याने चुकला, आकडेमोडीत चुकला की प्रश्न नीट न वाचल्याने चुकला, याची नोंद स्वतंत्र वहीत ठेवावी. पहिल्या प्रकारच्या चुकीवर उपाय पाठ्यपुस्तक, दुसऱ्यावर सराव आणि तिसऱ्यावर संयम. सरसकट ‘आणखी अभ्यास कर’ हा यातील कशावरच उपाय नव्हे.

बारावी आणि सीईटीचे काय?

मेनचे पहिले सत्र जानेवारीत येते, तेव्हा राज्य मंडळाची बारावीची परीक्षा तोंडावर असते. दुसरे सत्र एप्रिलमध्ये, बोर्डाची परीक्षा आटोपल्यावर होते. दोन्ही सत्रे दिल्यास चांगली कामगिरी गृहीत धरली जाते. म्हणून जानेवारीकडे अनुभव म्हणून पाहिल्यास ताण बराच हलका होतो. बारावीकडे पाठ फिरवणे मात्र परवडणारे नाही. आयआयटी व एनआयटीच्या प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला बारावीत ७५ टक्के गुण किंवा मंडळाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान आवश्यक असते.

राज्यातील बहुसंख्य अभियांत्रिकी जागांचा मार्ग एमएचटी-सीईटीतून जातो. तेथे चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि प्रश्नांचा भर मुख्यत्वे बारावीवर असतो. एका परीक्षेची सवय दुसरीत अंगाशी येऊ शकते. सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मेनमध्ये नेमके काय सोडायचे हे कळले पाहिजे.

सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग वर्गात प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये जारी केली. त्यामागचा इशारा पालकांनीही ओळखायला हवा. सातवी-आठवीपासून शर्यतीत जुंपलेले मूल बारावीपर्यंत दमून जाते. पूर्वपरीक्षा ही चाळणी आहे. चाळणीतून कोण पुढे गेले एवढेच ती सांगते, मागे राहिलेल्याची लायकी ती ठरवत नाही. निकालाच्या दिवशी पडद्यावरील आकडा पाहण्याआधी एकदा मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिले, तर पालकांचीही पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाली असे म्हणता येईल.