एका खुर्चीमागे पाच माणसे

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल पाळ्यांमध्ये चालतात. पाळी, बदली, ओव्हरटाइम हे शब्द तिथल्या मुलांच्या कानांवर घरीच पडतात. मागणी वाढली की माणसे वाढवायची, मंदी आली की भट्टी थंड होऊ द्यायची, हा तिथला व्यवहार. अणुवीज केंद्रात मात्र असे करता येत नाही. असे का, ते पाहू.

बंद भट्टीही गरमच

अणुभट्टीतील विखंडनाची साखळी थांबवली तरी इंधनात साठलेली किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. भट्टी बंद केल्याक्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या शेकडा ६ ते ७ असते. एका दिवसानंतर ती शेकडा अर्ध्याच्या आसपास येते. म्हणजे भट्टी बंद असली तरी ती थंड ठेवणारी, जाणकार माणसे हजर हवीतच.

आता किती माणसे, ते मोजू. वर्षाचे ३६५ दिवस, रोज ३ पाळ्या, म्हणजे १०९५ पाळ्या. एका माणसाच्या वर्षातून साप्ताहिक सुट्ट्यांचे ५२, रजा व आजारपणाचे ४५ आणि प्रशिक्षणाचे २८ दिवस वजा केले, असे धरू. उरले २४०. १०९५ ला २४० ने भागले की साडेचाराहून थोडे जास्त येते. म्हणजे नियंत्रण कक्षातील एका खुर्चीसाठी पाच माणसे लागतात. प्रशिक्षणाचे दिवस वगळले तर आकडा थोडा खाली येईल. पण ती काटकसर किती महागात पडते, हे एका अपघाताने दाखवून दिले.

एका दिव्याची गोष्ट

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडीच अडकली. फलकावरचा दिवा मात्र झडप बंद झाल्यासारखे दाखवत होता. खरे तर झडप बंद करण्याचा आदेश गेला, एवढेच तो दिवा सांगत होता. भट्टीत पाणी जास्त झाले, असे समजून चालकांनी आपत्कालीन पाणीपुरवठा कमी केला आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. चौकशी आयोगाने चालकांच्या प्रशिक्षणातील उणिवांवर नेमके बोट ठेवले. त्यानंतर नियंत्रण कक्षाच्या हुबेहूब प्रतिकृतीवर, म्हणजे सिम्युलेटरवर, बिघाडांचा सराव करण्याला जगभर महत्त्व आले. आपल्याकडे १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. चालकाला परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो आणि ठरावीक मुदतीने पुन्हा पात्रता सिद्ध करावी लागते.

आधी माणसे, मग केंद्र

डॉ. होमी भाभा यांनी हा क्रम फार लवकर ओळखला होता. तुर्भे येथील प्रशिक्षण शाळा १९५७ साली सुरू झाली. तारापूरची वीज त्यानंतर बारा वर्षांनी, १९६९ साली आली.

पण माणसे एकदा तयार करून भागत नाही. १९६९ साली २५ वर्षांचा असलेला चालक २००४ साली साठीला पोहोचतो. तारापूरचे प्रत्येकी ५४० मेगावॅटचे दोन नवे संच २००५ आणि २००६ साली आले. म्हणजे जुनी, अनुभवी पिढी निवृत्त होण्याची आणि नव्या संचांना माणसे लागण्याची वेळ एकच! म्हणूनच मनुष्यबळावर लक्ष ठेवताना 'आज किती माणसे आहेत' एवढे विचारून चालत नाही. कोणत्या वर्षी, कोणत्या कामातले किती जण निवृत्त होतील आणि त्यांच्या जागी येणाऱ्याला तयार व्हायला किती वर्षे लागतील, हे तक्त्यात मांडावे लागते.

आता हा तक्ता मोठा झाला आहे. २०२५ च्या सुरुवातीला देशाची अणुवीज क्षमता ८१८० मेगावॅट होती. २०४७ पर्यंत ती १ लाख मेगावॅट करण्याचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले आहे. म्हणजे सुमारे बारापट. २०४७ साली पस्तिशीत असणारा चालक २०१२ च्या सुमारास जन्मलेला असेल. तो आज आपल्यासमोर शाळेच्या बाकावर बसला आहे!

जालन्यातून वाट

मराठवाड्यात अणुवीज केंद्र नाही. पण तिथे जाण्याची वाट इथूनही निघते. अभियंते व एम.एस्सी. झालेल्यांसाठी तुर्भ्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पदविकाधारक, बी.एस्सी., बारावी विज्ञान किंवा आय.टी.आय. झालेल्यांना विद्यावेतनावर प्रशिक्षण देणाऱ्या योजना आहेत.

किरणोत्साराची जाण जालन्यातही हवीच. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाचे एक जुने उपकरण विकले गेले. त्यातील कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा मृत्यू झाला, काही जण गंभीर आजारी पडले. ज्या गावाचे पोलाद भंगारातून घडते, त्या गावाने ही गोष्ट विसरता कामा नये. भंगारात किरणोत्सारी चिन्ह ओळखणारा, मोजणीयंत्र वापरू शकणारा माणूस हेही प्रशिक्षित मनुष्यबळच.

वर्गात करून पाहा

आपल्या तालुक्यातील माध्यमिक शाळांमध्ये विज्ञान व गणिताचे शिक्षक किती, येत्या दहा वर्षांत त्यांपैकी कोण कधी निवृत्त होणार, याचा तक्ता मुलांकडून करून घ्या. रिकाम्या जागा वेगळ्या रंगाने दाखवा. अणुवीज केंद्राचा तक्ता असाच असतो. फक्त त्याची पहिली ओळ आपल्या वर्गात लिहिली जाते. इथे भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली, तर पंधरा वर्षांनी तिथली खुर्चीही रिकामी राहू शकते.