हाक ऐकू आल्यावर काय करायचं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधे, जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पळसाच्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून दगड सुटतात. त्यामागची दंतकथा पंचक्रोशीला पाठ आहे: पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, दोघं पळून जात असताना नदीतच त्यांना लोकांनी गाठलं. या कथेत काठावर गर्दी आहे, पण मधे पडणारं कुणी नाही. याच जामकाठी, सौंसर तालुक्यात, जामसांवलीचा निजलेला मारुती आहे. मनाने खचलेल्या, 'बाहेरची बाधा' आहे असं सांगून आणलेल्या माणसांना घेऊन कुटुंबं तिथे येतात. त्यातल्या प्रत्येक बाईच्या मागे घरची मारहाण असते असं म्हणणं अन्यायाचं होईल. तरीही, तिथवर पोचेपर्यंत 'घरी सगळं बरं आहे ना?' असं तिला एकटीला बाजूला घेऊन कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातल्या 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 28 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी 77 टक्के स्त्रियांनी ती कधीच कुणाला सांगितली नव्हती. पण या बायका काही कुलूपबंद नसतात. त्यांतल्या कितीतरी बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात पाळीला जातात, संत्री निवडायला बसतात, शाळेत शिकवतात. त्यांची मुलं रोज वर्गात येतात. सुजलेला हात घरच्यांच्या खालोखाल पहिल्यांदा दिसतो तो सोबत काम करणाऱ्यांना आणि शाळेतल्या बाईंना. म्हणून शिकवायचं ते इथे, आणि नुसतं 'हिंसा वाईट' असं नाही. ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. दिसल्यावर पुढचं पाऊल कोणी आणि कोणतं टाकायचं, हे शिकवायला हवं.

याला पुरावा मध्य प्रदेशातलाच आहे. राज्यातल्या 180 पोलीस ठाण्यांवर झालेला एक मोठा प्रयोग 2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निवडलेल्या ठाण्यांत महिला मदत कक्ष उघडले. तिथे बोलायला आडोसा दिला, कामाची पद्धत लिहून दिली, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं. त्या ठाण्यांत स्त्रियांच्या तक्रारींची नोंद वाढली, आणि कक्ष महिला अधिकाऱ्यांकडे होता तिथे गुन्हे अधिक दाखल झाले. माणसं त्याच समाजातली होती. जागा, जबाबदारी आणि रीत ठरली, तेवढ्याने फरक पडला.

शाळेचा अनुभव थोडा वेगळा आहे. हरियाणातल्या 150 सरकारी शाळांत सातवी-आठवीपासून पुढे अडीच वर्षं, दर काही आठवड्यांनी, स्त्री-पुरुष समानतेवर पाऊण तासाचे चर्चेचे तास घेतले गेले. मुलामुलींच्या विचारांत फरक पडला, आणि तो दोन वर्षांनंतरही टिकून होता. मुलगे घरकामाला अधिक हात लावू लागल्याचं सांगत होते. एका दिवसाच्या व्याख्यानाने हे होत नाही.

'अशाने पोरं नको ते शिकतील', ही पालकांची भीती मी हलक्यात घेत नाही. पण मोबाइलचा पासवर्ड मागणं, मैत्रिणीशी बोलायला बंदी घालणं, 'फोटो टाकून देईन' असं धमकावणं हेच प्रेम, असं मुलं शाळेबाहेर आधीच शिकत आहेत. इथे शिक्षकाला एक अवघड गोष्ट पक्की ठाऊक हवी. मुलगी 18 वर्षांखालची असेल आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल, तर पॉक्सो कायद्याने ती कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे 'कुणाला सांगणार नाही' असं वचन तिला देता येत नाही. तिने सगळं बोलून टाकण्याआधीच हे सांगायला हवं, नाहीतर विश्वास एकदाच बसतो आणि एकदाच तुटतो.

कामाच्या जागी आक्षेप येतो तो 'घरचं भांडण, आम्ही कशाला पडू?' हा. 2013चा कायदा कामावरच्या लैंगिक छळासाठी आहे. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागते; त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. नवऱ्याची घरातली मारहाण त्यात येत नाही, हे खरंच आहे. त्यासाठी 2005चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. पण नवरा पगाराच्या दिवशी फाटकाशी उभा राहतो, पाळीत दहा वेळा फोन करतो, तेव्हा घर कामावर आलेलं असतं. न्यूझीलंडने 2019पासून घरची हिंसा सोसणाऱ्या कामगारांना वर्षाला दहा दिवसांची पगारी रजा दिली. फिलिपाइन्सने स्त्रियांना ती 2004च्याच कायद्याने दिली आहे. 'खोट्या तक्रारी होतील' या शंकेलाही उत्तर रीतच आहे. लिहून घेतलेली, दोन्ही बाजू ऐकणारी चौकशी निर्दोष माणसालाही वाचवते. बंद खोलीतली तडजोड कुणालाच वाचवत नाही.

आणि तडजोडीचाच मोह सर्वांत मोठा. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समजूत काढणारा मुकादम भल्या मनाचाच असतो. पण नवऱ्यादेखत ती खरं बोलू शकत नाही, आणि बोलली तर त्याची किंमत रात्री घरी मोजते. त्याला शिकवायचं ते एवढंच: तिला एकटीला विचार, तिला काय हवं ते ऐक, तिच्या कामाच्या पाळीची वेळ नवऱ्याला सांगू नकोस, जिवाला धोका दिसला तर 112 लाव. पांढुर्णा 2023मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. इथली स्थानिक समिती आणि 2005च्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी कोण, कुठे बसतात, ते संत्र्यांच्या प्रत्येक पॅकिंग शेडच्या भिंतीवर मराठीत आणि हिंदीत लिहिलेलं असावं, मुकादमाच्या खुर्चीमागे नको, बायका पाणी प्यायला जातात त्या माठाजवळ.