सत्तरीचें आरोग्यकार्ड आणि जन्माची नोंद

सातबाऱ्यावरील नांवांत एका अक्षराची चूक राहिली, तर आपण तलाठ्याकडे दहा खेपा घालतों; परंतु घरांतील वडीलधाऱ्यांच्या आधारकार्डावर जन्मसाल कोणतें लिहिलें आहे, हें पाहण्याची तसदी घेत नाहीं. या हयगयीचें फळ आमच्या कोलशेतच्या घरानें भोगलें, म्हणून हा लेख.

शेतीचा भार मुलांवर सोंपविलेल्या किंवा नोकरींतून मोकळ्या झालेल्या मनुष्यास सरकारी आरोग्यविमा दोन वाटांनीं मिळतो. पहिली वाट शिधापत्रिकेची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यांतील सर्व शिधापत्रिकाधारकांस खुली झाली, आणि पांढऱ्या शिधापत्रिकेचे बागायतदारही तींत आले. सबंध कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार रुग्णालयांत दाखल झाल्यावर मिळतात. दुसरी वाट वयाची. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेचें 'वय वंदना' कार्ड मिळूं लागलें. त्याची ५ लाखांची रक्कम निराळी असते. मात्र पतिपत्नी दोघेंही सत्तरीपुढील असल्यास ती दोघांत मिळून एकच. या कार्डास फी नाहीं, नोंदणीस शेवटची तारीख नाहीं, जुन्या दुखण्यासाठीं थांबावयाचें नाहीं. मुदत नाहीं म्हणूनच काम लांबणीवर पडतें.

माझे चुलते १९५२ सालचे. २०२५ च्या पावसाळ्यांत शेताच्या बांधावरून घसरून त्यांचा खुबा मोडला. त्याच वर्षीं सुनेच्या कर्करोगाच्या उपचारांत कुटुंबाची रक्कम संपत आली होती. वय वंदना कार्ड काढूं गेलों, तों आधारकार्डावर जन्मसाल १९५८! कागदोपत्रीं त्यांना सत्तर पूर्ण होण्यास आणखी तीन वर्षें होतीं. शस्त्रक्रियेसाठीं पतपेढीचें दीड लाखाचें कर्ज काढावें लागलें. आधारनोंदणीच्या वेळीं शेजारीं बसून अदमासानें तें साल सांगणारा मीच होतों. तीस वर्षें महसूल दप्तरांत लोकांच्या वारसनोंदी तपासल्या, आणि घरच्या माणसाचें साल तपासलें नाहीं.

जुन्या माणसांच्या जन्माचा पुरावा पुष्कळदां तहसील कचेरीच्या दप्तरखान्यांत, गांवनमुना १४ मध्यें, पडून असतो. काकांची नोंद तेथेंच सांपडली, आणि तिच्यावरून दाखला मिळाला. आधारकार्डावरील जन्मतारीख सामान्यतः एकदांच बदलतां येते. तेव्हां हातीं पुरावा आल्यावांचून दुरुस्तीस जाऊं नये. आधाराशीं चालू मोबाइल जोडलेला असावा. पुढील काम आयुष्मान अ‍ॅपवर किंवा योजनेंतील रुग्णालयाच्या मदत कक्षांत होतें. शंका असल्यास १४५५५ या क्रमांकावर विचारावें. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेंत असणारांस दोहोंपैकीं एकच योजना निवडावी लागते, आणि ही निवड एकदांच करतां येते. खासगी विमा असणारांस तशी अट नाहीं.

काकांचें कार्ड पाव तासांत निघालें. तें त्यांनीं सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर पत्र्याच्या पेटींत कुलुपांत ठेवलें. पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला असते, म्हणून एक प्रत नातवाच्या मोबाइलमध्यें ठेवविली आहे.