हास्केलचे अध्यापन : प्रकार आणि मूल्य यांतील भेद

उज्जैन शहराचे रेखांश किती, या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे देता येतात. ग्रीनिचपासून मोजल्यास ते सुमारे 75 अंश 46 कला पूर्व येतात. प्राचीन भारतीय ज्योतिषात मात्र मध्यरेषा उज्जैनवरूनच जाते, असे मानत. त्या मोजणीत उज्जैनचे रेखांतर शून्य. हीच मध्यरेषा पुढे अरबी ज्योतिषात गेली. ‘उझैन’ या अरबी लेखनातील एक नुक्ता गळून ‘अरीन’ हे नाव रूढ झाले आणि अल-ख्वारिज्मीची ज्योतिषकोष्टके याच अरीनच्या मध्यरेषेवर आधारलेली होती. शून्य आणि 75 अंश 46 कला ही दोन्ही मूल्ये खरी आहेत. एका मोजणीतील मूल्य दुसऱ्या मोजणीत घातले, तरच चूक होते.

आकडा म्हणजे मूल्य. तो आकडा कशाचा, हे सांगणारी माहिती म्हणजे प्रकार, ज्याला संगणकशास्त्रात टाइप म्हणतात. हास्केल ही भाषा शिकताना बहुतेक विद्यार्थी याच भेदापाशी अडतात. तो वर्गात कसा उलगडून दाखवता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विद्यार्थी नेमका कोठे अडतो?

तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भाषेचे काम संशोधकांच्या एका समितीने 1987 मध्ये हाती घेतले व पहिला अहवाल 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. या भाषेत प्रोग्राम चालण्यापूर्वीच कंपायलर प्रत्येक पदाचा प्रकार तपासतो. (हास्केलमधील नावे प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहितात, येथे सोयीसाठी ती देवनागरीत दिली आहेत.) संख्येची दुप्पट करणारे फंक्शन लिहा, असे सांगितले असता नवखा विद्यार्थी पुष्कळदा असे लिहितो :

दुप्पट इंट = इंट * 2

‘इंट’ हे पूर्णांकांच्या प्रकाराचे नाव आहे. प्रकाराची दुप्पट होत नाही. त्या प्रकारातील एखाद्या मूल्याची होते. योग्य लेखन असे :

दुप्पट :: इंट -> इंट
दुप्पट क्ष = क्ष * 2

पहिली ओळ केवळ प्रकारांविषयी बोलते : एक पूर्णांक द्या, एक पूर्णांक मिळेल. दुसरी ओळ केवळ मूल्यांविषयी बोलते : जे मूल्य येईल त्याला क्ष म्हणा आणि दोनाने गुणा. ‘::’ हे चिन्ह ‘याचा प्रकार असा’ असे मोठ्याने वाचण्याची सवय लावल्यास निम्मा गोंधळ कमी होतो.

उरलेला गोंधळ सारख्या दिसणाऱ्या चिन्हांमुळे होतो. ‘(इंट, बूल)’ हा जोडीचा प्रकार आहे, तर ‘(3, ट्रू)’ हे त्या प्रकारातील एक मूल्य. ‘[3]’ ही एकच घटक असलेली यादी, म्हणजे मूल्य आहे. पण ‘[इंट]’ याचा अर्थ एका घटकाची यादी असा नाही. पूर्णांकांची कोणत्याही लांबीची यादी, असा तो प्रकार आहे; रिकामी यादीही त्यात बसते. शिवाय पुढील घोषणा पाहावी :

डेटा बिंदू = बिंदू डबल डबल

येथे डावीकडील ‘बिंदू’ हे प्रकाराचे नाव आहे. उजवीकडील ‘बिंदू’ हा कन्स्ट्रक्टर आहे, म्हणजे दोन दशांश संख्या घेऊन त्या प्रकाराचे मूल्य घडवणारे साधन. दोन्ही नावे मोठ्या रोमन अक्षरानेच सुरू होतात आणि सारखीही असू शकतात. हास्केल त्यांना वेगळ्या नावसंचांत ठेवते. पण विद्यार्थ्याच्या डोळ्यांना ती एकच दिसतात. म्हणून सुरुवातीच्या उदाहरणांत दोन्हींना मुद्दाम निरनिराळी नावे द्यावीत.

वेधशाळेतील वेळ

हा भेद केवळ लेखनाचा नव्हे, हे दाखवण्यास उज्जैनची वेधशाळा उपयोगी पडते. अठराव्या शतकात सवाई जयसिंह यांनी ती उभारली आणि 1923 मध्ये माधवराव शिंदे यांच्या काळात तिची दुरुस्ती झाली. तेथील सम्राट यंत्राच्या तिरप्या भिंतीची सावली उज्जैनची सूर्यावर आधारलेली स्थानिक वेळ दाखवते. भारतीय प्रमाणवेळ मात्र 82 अंश 30 कला या रेखांशाची आहे. दोहोंतील अंतर 6 अंश 44 कला. दर अंशाला 4 मिनिटे या हिशेबाने सुमारे 27 मिनिटे होतात. त्यात सूर्याच्या गतीमुळे तारखेनुसार बदलणारी दुरुस्ती मिळवावी लागते. सावली 12 वाजल्याचे दाखवते तेव्हा घड्याळात नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे 12 वाजून 11 मिनिटे, तर फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे 12 वाजून 41 मिनिटे झालेली असतात.

जुहरच्या नमाजाची वेळ सूर्याने मध्यान्ह ओलांडल्यावर सुरू होते. यंत्रावरील 12 आणि घड्याळातील 12 एकच समजणाऱ्याची नमाज उज्जैनमध्ये वर्षाच्या कोणत्याही दिवशी वेळेआधी होईल. वेळापत्रक तयार करणाऱ्या प्रोग्राममध्ये दोन्ही वेळा ‘मध्यरात्रीनंतरची मिनिटे’ म्हणून साध्या संख्येत ठेवल्या, तर 720 हा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो आणि चूक कोणाच्या लक्षात येत नाही. हास्केलमध्ये ती अशी टाळता येते :

न्यूटाइप स्थानिकवेळ = स्थानिक डबल
न्यूटाइप प्रमाणवेळ = प्रमाण डबल

रूपांतर :: डबल -> स्थानिकवेळ -> प्रमाणवेळ
रूपांतर दुरुस्ती (स्थानिक मि) = प्रमाण (मि + 27 + दुरुस्ती)

आता ‘स्थानिक 720’ व ‘प्रमाण 720’ यांच्या आतील संख्या एकच असली, तरी प्रकार भिन्न आहेत. प्रमाणवेळ मागणाऱ्या फंक्शनला स्थानिक वेळ दिल्यास प्रोग्राम तयारच होत नाही. प्रोग्राम चालताना या वेष्टनाचा वेगळा भारही पडत नाही. तपासणी आधीच पूर्ण झालेली असते.

अशा तपासणीच्या अभावाची किंमत मोठी असू शकते. अमेरिकेचे मंगळाकडे पाठवलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान सप्टेंबर 1999 मध्ये नष्ट झाले. एका बाजूची संगणकप्रणाली आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत देत होती. दुसरी ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरत होती. आकडे पोहोचले, ते कशाचे आहेत ही माहिती पोहोचली नाही.

येथे एक मर्यादाही विद्यार्थ्यांना सांगावी. 27 ऐवजी कोणी 72 लिहिले, तर कंपायलर गप्प राहील, कारण प्रकार जुळतो. मूल्य बरोबर आहे की नाही हे पाहणे प्रोग्राम लिहिणाऱ्याचेच काम आहे.

अध्यापनासाठी काही सूचना

हा विचार विद्यार्थ्यांना सर्वस्वी परका नाही. परंपरेने उज्जैनशी जोडल्या जाणाऱ्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातील ‘बीजगणित’ या ग्रंथात निरनिराळ्या अव्यक्त राशींना रंगांची नावे दिली आणि बेरीज-वजाबाकी समान जातीच्या राशींचीच होते, भिन्न जातीच्या राशी वेगळ्या मांडाव्यात, असा नियम घातला. शाळेत ‘सजातीय पदे’ म्हणून हाच नियम शिकवला जातो. अध्यापकांनी तेथून आरंभ करावा.

दुसरे, फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढून डावीकडे मूल्ये आणि उजवीकडे त्यांचे प्रकार लिहून घ्यावेत : 3 आणि इंट, ट्रू आणि बूल, ‘जस्ट 3’ आणि ‘मेबी इंट’. ‘दुप्पट’ हे फंक्शनही डावीकडेच येते, कारण फंक्शन हेही एक मूल्य आहे, हे येथे आपोआप कळते.

तिसरे, फंक्शनची व्याख्या लिहिण्यापूर्वी त्याच्या प्रकाराची ओळ लिहिण्याचा आग्रह धरावा आणि संगणकावर पडताळण्याआधी विद्यार्थ्याने उत्तराचा प्रकार तोंडी सांगावा.

कंपायलरचा प्रकाराविषयीचा संदेश नवख्या विद्यार्थ्याला शिक्षेसारखा वाटतो आणि काही जण तेथेच विषय सोडून देतात. वस्तुतः त्या संदेशात एक साधा प्रश्न असतो : हा आकडा कशाचा? तो प्रश्न विद्यार्थी स्वतःच स्वतःला विचारू लागला, म्हणजे पुढील धडे त्याला जड जाणार नाहीत.